गर्भवाढरोधाची रक्तनिदर्शके

गर्भाशयात गर्भाची वाढ त्याच्या अंगभूत क्षमतेइतकी न होण्याची शक्यता सुचविणारे मातेच्या रक्तातील पदार्थ. अंदाजित वजन त्या आठवड्याच्या दहाव्या शतमकापेक्षा कमी असलेल्या गर्भास लहान गर्भ म्हणतात. परंतु असे अनेक गर्भ मुळातच लहान चणीचे व निरोगी असतात. वाढ खुंटलेल्या गर्भाच्या बाबतीत बहुधा वारेचे कार्य सदोष असते. गर्भाशयाच्या भित्तीतील रोहिण्या पुरेशा रुंद न झाल्यास वारेला रक्त कमी मिळते व गर्भाला ऑक्सिजन आणि पोषकद्रव्ये अपुरी पडतात. वारेची ही दुर्बलता तिच्यातून मातेच्या रक्तात येणाऱ्या प्रथिनांवरून अजमावता येते.

‘पॅप-ए’ या प्रथिनाचे वर्णन १९७४ मध्ये झाले. ते एक एंझाइम असून इन्शुलिनसदृश वाढघटकाला बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे विघटन करून तो घटक मोकळा करते, असे १९९९ मध्ये दिसून आले. गर्भारपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत त्याचे प्रमाण फार कमी असल्यास गर्भवाढरोधाचा संभव वाढतो. १९९१ मध्ये वर्णिलेला वार-वाढघटक रक्तवाहिन्यांच्या वाढीस साहाय्यक असतो. दुर्बल वारेतून तो कमी स्रवतो आणि त्याला निष्प्रभ करणारे विद्राव्य एफएलटी-१ हे प्रथिन अधिक स्रवते. त्यामुळे या दोहोंचे गुणोत्तर वाढते. गर्भात जन्मजात व्यंग नसताना दुसऱ्या तिमाहीत मातेच्या रक्तातील आल्फा-फीटोप्रोटीन वाढलेले असणे, हेही वारेच्या दोषाचे लक्षण असू शकते.

पॅप-एचे प्रमाण दर आठवड्यास वाढत असल्याने ते त्या गर्भवयाच्या मध्यकाच्या पटीत सांगतात. ०·४ पटीखालील मूल्य सामान्यतः कमी समजतात. गर्भवय प्रत्यक्षाहून अधिक धरले गेल्यास निरोगी गर्भारपणातही मूल्य कमी भासते व मातेला अकारण चिंता लागते. म्हणून सोनोग्राफीने गर्भाची लांबी मोजून गर्भवय आधी निश्चित करावे लागते. मूल्य खरोखरच कमी असलेल्या बहुतेक स्त्रियांनाही निरोगी मूल होते, तर मूल्य प्राकृत असूनही काही गर्भांची वाढ खुंटते. त्यामुळे केवळ रक्ततपासणीवरून निदान करीत नाहीत. कोणत्या गर्भवतीकडे अधिक लक्ष द्यावे, हे तिच्यावरून ठरविता येते. निदानासाठी सोनोग्राफीने गर्भाच्या वाढीची पुनःपुन्हा मोजणी व नाळेतील रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी आवश्यक असते.

खुंटलेली वाढ पूर्ववत करणारे खात्रीचे औषध उपलब्ध नाही. गर्भाशयात राहण्याचा धोका अपुऱ्या दिवसांच्या जन्माच्या धोक्याहून केव्हा अधिक होतो, हे ओळखून योग्य वेळी प्रसूती करविणे हाच मुख्य उपाय होय.