अपंगांस काय म्हणावे?

माणसाचे नाव बाजूस ठेवून त्याच्या व्यंगावरून त्यास हाक मारण्याची रीत आपल्याकडे गावोगावी फार जुनी आहे. कोणी 'लंगड्या' होतो, कोणी 'बहिऱ्या', कोणी 'चकण्या'. आणि पुढे पुढे तर बारशाच्या दिवशी ठेवलेले नाव घरच्या मंडळींवाचून कोणाच्या ध्यानातही राहत नाही. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' या म्हणीतील दळणारी व्यक्ती नपुंसकलिंगी आहे. तो पुरुष की ती स्त्री, एवढी चौकशी करण्याचीही कोणास गरज वाटलेली दिसत नाही.

अशा शब्दांनी मन दुखावते, म्हणून ते वापरू नयेत, असा उपदेश वरचेवर केला जातो व तो योग्यच आहे. तथापि शब्दाने होणारे नुकसान मन दुखावण्यापाशी थांबत नाही, असे आमचे मत आहे. चुकीचा शब्द चुकीची समजूत करून देतो. आणि त्या समजुतीप्रमाणे लोक वागू लागले म्हणजे त्या माणसाचे सारे आयुष्यच भलत्या वळणास लागते. याची दोन उदाहरणे वाचकांपुढे ठेवितो.

पहिले उदाहरण 'मूकबधिर' या शब्दाचे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बहुतेक मुलांचा कंठ व जीभ ही निर्दोष असतात. मूल बोलावयास शिकते ते इतरांचे बोलणे ऐकून. जे कानी पडलेच नाही ते मुखावाटे कसे यावे? म्हणजे उणीव श्रवणाची असते, वाचेची नसते. परंतु एकदा 'मुका' म्हटले की या मुलास भाषा येणेच शक्य नाही, असे लोक धरून चालतात. आणि ज्यास भाषा नाही त्यास बुद्धीही नाही, ही पुढची पायरी चढण्यास त्यांस वेळ लागत नाही. वास्तविक हात व चेहरा यांच्या हालचालींनी बोलली जाणारी सांकेतिक भाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. असे असूनही १८८० साली इटलीतील मिलान शहरी भरलेल्या बधिरांच्या शिक्षकांच्या परिषदेने शाळांतून ती हद्दपार करण्याचा ठराव केला, व त्याची झळ अनेक देशांतील मुलांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागली. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परिषदेने ते जुने ठराव अमान्य करून खेद प्रकट केला. आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्ली येथे स्थापन झाले. भाषा शिकण्याचे खरे वय म्हणजे आयुष्याची पहिली काही वर्षे. 'मुका आहे, करणार काय?' असे म्हणत ती वर्षे दवडली, तर पुढे ती तूट भरून काढणे फार कठीण जाते. 'कर्णबधिर' हा शब्द उणीव जेथे आहे तेथेच दाखवितो. बालकाच्या वाणीवर व बुद्धीवर खोटा आळ घेत नाही. म्हणून तोच वापरावा.

दुसरे उदाहरण 'महारोगी' या शब्दाचे. कुष्ठरोगास पूर्वी सर्रास महारोग म्हणत. बाबा आमटे यांनी १९४९ साली स्थापिलेल्या संस्थेचे 'महारोगी सेवा समिती' हे नाव त्या काळच्या रूढ शब्दास धरूनच आहे. या रोगाचे जंतू नॉर्वेतील डॉक्टर हॅन्सेन यांनी १८७३ साली शोधून काढले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांचा एकत्र उपचार सुचविला. आणि हल्ली सहा ते बारा महिन्यांच्या औषधांनी रोगी बरा होतो. अंगावर बधिर चट्टा दिसताच उपचार सुरू केल्यास हातापायांस व्यंग येण्याचे बहुधा टळते. परंतु 'महारोगी' हा शब्द ऐकूनच ज्याच्या पोटात भीतीचा गोळा उठतो, तो मनुष्य चट्टा लपवितो. लपविण्यात काळ जातो, मज्जातंतू निकामी होतात, आणि जे व्यंग टळले असते ते कायमचे जडते. येथे व्यंगाच्या कारणांत एका शब्दाचीही गणना करावी लागेल. रोग बरा झाल्यावरही त्या माणसास जन्मभर 'रोगी' म्हणत राहणे, हे तर उघड असत्य होय. कुष्ठरोग हे घटस्फोटास पुरेसे कारण मानणारी कलमे आपल्या देशातील विवाहविषयक कायद्यांतून २०१९ साली काढून टाकण्यात आली, ही समाधानाची गोष्ट आहे.

आता सर्वांस मिळून एक नाव कोणते द्यावे, हा प्रश्न राहिला. १९९५ च्या कायद्यात 'अपंग' हा शब्द होता व अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २७ डिसेंबर २०१५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात 'विकलांग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' म्हणावे असे सुचविले, आणि तो शब्द सरकारी व्यवहारात रूढ झाला. महाराष्ट्रात २०२२ साली दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही निघाले. या शब्दात आदर आहे, असे अनेकांस वाटते. उलट, आमच्या अंगी दिव्य असे काही नाही, आम्हांस स्तुती नको, हक्क हवेत, असा आक्षेप अपंगांच्या काही संघटनांनीच घेतला. २०१६ च्या कायद्यात असे एकवीस प्रकार सांगितले आहेत. परंतु त्याहून महत्त्वाची आहे ती त्यातील व्याख्या. शरीराची वा मनाची उणीव आणि समाजातील अडथळे यांची गाठ पडून मनुष्य इतरांच्या बरोबरीने वावरू शकत नाही, त्यास अपंगत्व म्हणावे, असा तिचा आशय आहे. चाकांच्या खुर्चीवरून आलेला विद्यार्थी ग्रंथालयाच्या पाच पायऱ्यांपाशी अडतो, तेव्हा अडचण त्याच्या पायांत जितकी आहे तितकीच त्या पायऱ्यांतही आहे.

केवळ शब्द बदलून भागत नाही, याचा दाखला 'मतिमंद' या शब्दाने दिला आहे. सभ्य म्हणून योजलेला तो शब्द आज मुले एकमेकांस चिडविण्यासाठी वापरतात, व त्याच्या जागी 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आणावा लागला. मनातील तुच्छता कायम राहिली, तर हाही शब्द काही वर्षांनी मळेल.

मग आपण विद्यार्थ्यांनी करावे काय? आधी माणसाचे नाव घ्यावे. व्यंगाचा उल्लेख कारण असेल तरच करावा. उल्लेख करणे झाल्यास नेमका शब्द वापरावा: अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर. 'बिचारा', 'पीडित', 'ग्रस्त' हे शब्द टाळावेत. चित्रपटांतील अपंगांच्या चित्रणाविषयी जुलै २०२४ मध्ये दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही अशा शब्दांविषयी सावध केले आहे. 'खुर्चीस जखडलेला' असेही म्हणू नये, कारण त्या खुर्चीमुळेच तो घराबाहेर पडू शकतो. आम्ही या लेखात 'अपंग' हा शब्द योजिला, तो सर्वांस परिचित व निंदास्तुतीवाचूनचा म्हणून. ज्यास तो रुचत नसेल त्याच्यापुरता त्याच्या आवडीचा शब्द घ्यावा, आणि तो कोणता हे त्यासच विचारावे.

इतके विचारण्याचे धैर्य झाले, म्हणजे त्यापुढचा प्रश्नही सहज सुचेल: तुला ग्रंथालयात यावयास काय अडचण पडते? त्या प्रश्नाचे उत्तर ऐकून पायऱ्यांशेजारी उतार बांधला गेला, तर योग्य शब्द शोधण्याचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.