पोथ्यांची खतावणी

कारंजा लाड येथील बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या मंदिरांची शास्त्रभांडारे पूर्वजांनी श्रद्धेने जपली; परंतु आत कोणते ग्रंथ आहेत, हे बाहेर फारसे ठाऊक नव्हते. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची नागपुरात प्रसिद्ध केली आणि येथील अपभ्रंश ग्रंथ अभ्यासकांच्या दृष्टीस आले. पुढे प्रा. हिरालाल जैन यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘णायकुमारचरिउ’ १९३३ साली कारंजाच्याच ग्रंथमालेत छापले गेले.

नोंद नसलेली ठेव मालकालाही सापडत नाही, हे मी बँकेत शिकलो. तरीही आमच्या आजोबांचा एका त्यागी विद्वानांशी झालेला तत्त्वचर्चेचा पत्रव्यवहार दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेला. दुकानाच्या वह्या मात्र राहिल्या. हिशेब उरला, चिंतन गेले.

आपल्या घरीही अशी पत्रे असतील. प्रत्येकास क्रमांक द्यावा. कोणी, कोणास, कोठून, केव्हा लिहिले, पाने किती, विषय कोणता, एवढे वहीत उतरवावे. मूळ क्रम मोडू नये. पाकीटही टाकू नये. पत्रावर तारीख नसली तरी टपालाचा शिक्का ती सांगतो.

श्रुतपंचमीला आपण पोथ्यांची वेष्टने बदलतो. त्या दिवशी पत्रांची ही वहीही उघडावी.