स्वस्त आणि चांगलं, पण एका वेळी नाही

दूरदर्शनवर रंग आले ते १५ ऑगस्ट १९८२ रोजी. तेव्हा माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते वसंत साठे. गरीब देशाला रंगीत टीव्हीची चैन कशाला, असा प्रश्न दिल्लीत विचारला जात असताना त्यांनी हा आग्रह लावून धरला. नोव्हेंबरात आशियाई स्पर्धा झाल्या आणि रंगीत संच बाजारात दिसू लागले. किंमत आठ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत.

कृष्णाकाठच्या माणसाला हा आकडा उसातच कळतो. त्या काळी केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर क्विंटलला १३ रुपये, म्हणजे टनाला १३० होता. आपल्याकडचे सहकारी कारखाने त्याहून जास्त देत. दुप्पट दिला असं धरलं तरी सर्वांत स्वस्त रंगीत संचासाठी तीस टन ऊस घालावा लागत होता. मार्च २०१८ मध्ये शाओमीने ३२ इंची स्मार्ट टीव्ही १३,९९९ रुपयांना आणला. त्याच वर्षी सुरू झालेल्या गळीत हंगामाचा एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा दर, क्विंटलला २७५ रुपये होता. म्हणजे पाच टन उसात टीव्ही घरात, आणि तोही जुन्या २० इंचीपेक्षा कितीतरी मोठा.

किंमत उतरली, हे कुणीही सांगेल. पण किंमत आणि चित्राचा दर्जा हातात हात घालून चालले, हे खरं नाही. सातारा आणि सांगलीत गेल्या चार दशकांत जे टीव्ही आले त्यांचा मागोवा घेतला तर दिसतं, की काही वेळा आपण जास्त पैसे मोजून कमी दर्जाचं चित्र घरी आणलं, आणि काही वेळा उत्तम पडदा विकत घेऊन त्यावर निकृष्ट चित्र बघत बसलो.

डोंगर आणि अँटेना

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत जातात, वाटेत डोंगर आला की अडतात. सातारा डोंगरांच्या कुशीत वसलेलं, आणि पुण्याच्या वाटेवर खंबाटकीचा घाट. सांगली नदीकाठच्या सपाटीवर, पण अंतराने फार लांब. म्हणून दोन्हीकडे सुरुवातीला टीव्ही म्हणजे आधी उंच पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या कांड्यांची अँटेना, जमलं तर बूस्टर, आणि तिथून कौलांवरून खाली आलेली चपटी वायर.

एक जण छपरावर अँटेना फिरवणार, एक जण दारात, एक जण टीव्हीसमोर. ‘आलं का?’, ‘मुंग्या आहेत अजून’, ‘थांब, थांब, तिथंच धर’. हा संवाद ज्याने ऐकला नाही त्याला त्या काळचं चित्र म्हणजे काय ते कळणार नाही. साताऱ्यात आणखी एक प्रकार होता. डोंगरावर आपटून आलेली लहर क्षणभर उशिरा पोचायची, आणि पडद्यावर बातम्या देणाऱ्याच्या उजवीकडे, त्याला चिकटून, त्याचीच फिकी आकृती उभी असायची.

१९८४च्या आसपास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची लाट आली. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला आणि किल्ल्याखालच्या पेठांना स्वच्छ चित्र मिळू लागलं. डोंगराआडच्या खोऱ्यांत मात्र मुंग्या राहिल्याच. तिथे रंगीत टीव्हीने मोठी निराशा केली. रंगीत संचात एक सर्किट असतं. सिग्नल ठरावीक पातळीच्या खाली गेला की ते रंग आपोआप बंद करतं, नाहीतर पडद्यावर रंगांचे ओघळ दिसले असते. त्यामुळे दहा-बारा हजारांचा संच आणूनही खोऱ्यातल्या घरात चित्र काळं-पांढरंच दिसायचं. तसंही ब्लॅक अँड व्हाइटच्या पिक्चर ट्यूबमध्ये, म्हणजे नळीत, छिद्रांची जाळी नसते, फॉस्फरचा थर सलग असतो, त्यामुळे चांगल्या सिग्नलवर तिचं चित्र रंगीत नळीपेक्षा रेखीव. ‘आमची माती आमची माणसं’ किंवा शनिवारचा मराठी चित्रपट त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर ज्यांनी पाहिला, त्यांना फारसं काही कमी मिळालं नाही.

नळीची सद्दी

२५ जानेवारी १९८७ रोजी ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी सोप्यात बसायला जागा पुरेनाशी झाली. पुढे १९९२च्या २ ऑक्टोबरला झी टीव्ही आला, आणि केबल पसरत गेली. १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. नव्वदच्या दशकात २१ इंची रंगीत टीव्ही पंधरा हजारांच्या आसपास मिळायचा. ओनिडा, बीपीएल, व्हिडिओकॉन ही नावं घराघरांत होती. व्हिडिओकॉन औरंगाबादचा, म्हणून आपल्याला जवळचा.

या पिक्चर ट्यूबला नीट पाहायला हवं, कारण पुढच्या पडद्यांची तुलना तिच्याशीच होते. नळीच्या मानेत इलेक्ट्रॉनची बंदूक, समोरच्या काचेवर फॉस्फरचे लाल, हिरवे, निळे ठिपके. किरण सेकंदाला पन्नास वेळा पडद्यावरून फिरतो आणि जिथे पडतो तिथे उजेड होतो. जिथे तो पडत नाही तिथे उजेडच नाही, म्हणून काळोख्या खोलीत नळीचा काळा रंग खरोखर काळा. चेंडू सीमारेषेकडे धावला तरी मागे शेपूट नाही. आणि समोरून बघा, दारातून बघा, खाली सतरंजीवर बसून बघा, रंग तोच.

किरणाला वेग द्यायला रंगीत नळीत पंचवीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. टीव्ही बंद केल्यावरही तो काही काळ नळीत साठून राहतो. म्हणून जुना मेकॅनिक मागचं झाकण काढलं की आधी लांब पेचकसाला वायर बांधून तिचं दुसरं टोक चेसिसला जोडायचा, मग पेचकस नळीवरच्या रबरी बुचाखाली सरकवायचा. ‘टक्’ असा आवाज झाला की मगच हात आत. टीव्हीशेजारी स्पीकर ठेवला तर कोपऱ्यात जांभळा डाग पडायचा, तोही तोच माणूस तारेचं गोल वेटोळं फिरवून घालवायचा. हा संच दुरुस्त व्हायचा, आणि पंधरा वर्षं चालायचा.

नळीचा खरा शत्रू होता केबलची लांबी. ऑपरेटरच्या खोलीपासून खांबाखांबावर ॲम्प्लिफायर, आणि प्रत्येकाबरोबर थोडी खरखर वाढलेली. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घराला चकचकीत चित्र, शेवटच्या घराला धूसर. सोनीचा महागडा ट्रिनिट्रॉन संच घेतलेला माणूस गल्लीच्या टोकाला राहत असेल तर त्याने मोजलेला फरक वाटेतच झिरपून जायचा.

सपाट पडद्याचा उलटा सौदा

२००५ नंतर एलसीडी आले. ३२ इंचीची किंमत तेव्हा पन्नास हजारांच्या घरात, आणि त्याच दुकानात २९ इंची सपाट काचेचा नळीवाला टीव्ही त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात. पैसे तिप्पट, पण चित्र? एलसीडीत मागे सतत दिवा पेटलेला असतो आणि समोरच्या स्फटिकांची दारं तो अडवतात. दार कितीही लावलं तरी फटीतून उजेड येतोच, म्हणून रात्रीचं दृश्य करडं दिसायचं. दारं हलायला वेळ लागायचा, म्हणून चेंडूला शेपूट फुटायचं. सतरंजीवर बसणाऱ्याला रंग फिके, खुर्चीवर बसणाऱ्याला ठीक. त्यात केबलचं चित्र जुन्या, चौकोनी मापाचं. ते रुंद पडद्यावर ताणून भरलं की मालिकेतल्या सगळ्या नायिकांचे चेहरे पसरट.

तरी आपण घेतला, आणि त्याला कारणं होती. २९ इंची नळी चाळीस किलोंच्या वर भरायची, उचलायला दोन माणसं लागायची. सांगलीत याला वेगळाच अर्थ होता. २००५च्या पुरात अनेक घरांतले जड संच खालीच राहिले. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, धोक्याच्या ४५ फुटांच्या कितीतरी वर. तेव्हा भिंतीवरचा चार-पाच किलोंचा टीव्ही एका माणसाने काढून माळ्यावर नेला. हा गुण चित्राच्या दर्जात मोजला जात नाही, पण घर चालवणाऱ्याच्या हिशोबात तो पहिला असतो.

त्याच काळात प्लाझ्मा होता. प्रत्येक ठिपका म्हणजे वायूने भरलेली बारीक पेशी, स्वतः पेटणारी आणि स्वतः विझणारी. काळा रंग नळीच्या जवळ जाणारा, हालचाल स्वच्छ, कोनाची कटकट नाही. शेवटच्या वर्षांत तर सारख्या आकाराच्या एलईडीपेक्षा तो स्वस्तही झाला होता. पण वीज जास्त खायचा, तापायचा, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली शेजारच्या एलईडीपेक्षा मंद दिसायचा. दुकानात जो पडदा जास्त झगझगतो तोच विकला जातो. पॅनासॉनिकने २०१३च्या अखेरीस प्लाझ्मा पडदे बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षभरात सॅमसंग आणि एलजीनेही. चांगलं चित्र बाजारात हरलं, याचा इतका स्पष्ट दाखला दुसरा नाही.

स्वस्ताई आणि एकास वीस

‘एलईडी टीव्ही’ म्हणून जो घरोघर गेला तो एलसीडीच आहे, फक्त मागच्या दिव्याच्या नळ्यांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या. त्याने वीज वाचली, जाडी घटली. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींवरही तेवढाच. स्पर्धाही पेटली, आणि त्याच सुमारास, २०१८ मध्ये, व्हिडिओकॉनसारखी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

टीव्ही इतका आवाक्यात आला की तो बंद कधी करायचा हा प्रश्न उभा राहिला. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी पुस्तक उघडायचं. एका संचासाठी अख्खी आळी सोप्यात जमायची, त्याच भागातली ही गोष्ट. त्याच वर्षी मार्चअखेर प्रसार भारतीने मोजके पन्नास सोडून देशभरातले जुने ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले, आणि मुंग्यांचा काळ कायमचा संपला.

सिग्नलचा प्रश्न मात्र संपला नाही, त्याने रूप बदललं. साध्या एसडी वाहिनीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे चार लाख पंधरा हजार. फोर-के पडद्यावर ठिपके ८३ लाख. हिशोब बरोबर एकास वीस. म्हणजे ४३ इंची फोर-के टीव्हीवर एसडी मालिका लावली की वीसपैकी एकोणीस ठिपके टीव्हीने अंदाजाने भरलेले असतात. मुख्य मराठी वाहिन्यांची एचडी रूपं २०१६ पासून आली आहेत, तरी असंख्य घरांत आजही स्वस्त पॅकमधली एसडीच चालते. खोऱ्यातल्या रंगीत टीव्हीची गत इथे पुन्हा होते: पैसे पडद्याला दिले, चित्र सिग्नलने दिलं.

आज काय घ्यावं

आज नळीचा काळा रंग परत हवा असेल तर ओएलईडी आहे. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. २०१३ साली अमेरिकेत एलजीचा ५५ इंची ओएलईडी पंधरा हजार डॉलरला होता. आपल्याकडे आता तो लाख-सव्वा लाखात मिळतो. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्याने तो घ्यावा. दिवसभर बातम्यांची एकच पट्टी चालू ठेवणाऱ्याने घेऊ नये, कारण तिचा ठसा पडद्यावर उमटू शकतो. क्यूएलईडी नावाला भुलू नये, तोही मागे दिवा असलेला एलसीडीच, फक्त रंग अधिक शुद्ध. मिनी एलईडीत मागचे दिवे शेकडो भागांत वेगवेगळे मंद होतात, त्यामुळे दारं-खिडक्या उघड्या असलेल्या उजेडी सोप्याला तो ओएलईडीपेक्षा बरा. त्याहून कमी बजेट असेल तर दुकानदाराला एवढंच विचारावं, पॅनल व्हीए की आयपीएस? समोर बसून बघणाऱ्याला व्हीए, कारण त्याचा काळा रंग तिपटीने गडद. चारी बाजूंनी माणसं बसणार असतील तर आयपीएस.

किमतीत आणखी एक गोष्ट धरावी. मागची एलईडीची पट्टी गेली तर थोडक्यात काम होतं, पण पॅनलला तडा गेला की दुरुस्ती नव्या टीव्हीच्या जवळ जाते. पंधरा वर्षं चालणारी नळी आणि हा पडदा यांची तुलना फक्त बिलाच्या आकड्याने करू नये.

माझं स्पष्ट मत असं, की पाच टन उसाचा टीव्ही घेणाऱ्याला आज पडदा पुरेसा चांगला मिळतो. कमी पडतं ते त्यावर येणारं चित्र. एचडी वाहिनी अजूनही वेगळे, जादा पैसे मोजून घ्यायची वस्तू आहे. वाहिन्यांनी आणि केबलवाल्यांनी एसडीच्याच दरात एचडी दिली, तर कराड-विट्यापासून जतपर्यंत ज्या घरांत एचडी चालणारा सेट-टॉप बॉक्स आहे, तिथलं चित्र एक रुपयाही खर्च न करता एका रात्रीत सुधारेल. नवा पडदा घेण्याआधी ग्राहकांनी हीच मागणी लावून धरायला हवी.