रोपित बायोमटेरियल आणि शरीराची प्रतिकारसंस्था

छत्तीसगडमध्ये सिकलसेल आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यासाठीची राज्याची संस्था रायपूरला आहे. या आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या माथ्याचा रक्तपुरवठा असा तुटला, तर तेथील हाड मरते. मग काहींना ऐन तारुण्यात खुब्याचा कृत्रिम सांधा बसवावा लागतो. पंचविशीतल्या रुग्णाला तो कित्येक दशके पुरायला हवा. तो किती टिकेल, हे बऱ्याच अंशी प्रतिकारसंस्थेवर अवलंबून असते.

आधी एक फरक लक्षात घ्या. दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले, तर टी-पेशी त्यावरचे परके एचएलए रेणू ओळखून हल्ला करतात. धातू किंवा प्लास्टिकवर असे रेणू नसतात. येथे मुख्य भूमिका जन्मजात प्रतिकारशक्तीची असते. म्हणून कृत्रिम सांध्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे द्यावी लागत नाहीत.

प्रतिसादाचे टप्पे

1. प्रथिनांचा थर : काही सेकंदांतच अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन यांसारखी रक्तातील प्रथिने पृष्ठभागाला चिकटतात. पेशींची गाठ प्रथम या थराशी पडते.

2. तीव्र दाह : पहिले एक-दोन दिवस न्यूट्रोफिल पेशींचे असतात.

3. मॅक्रोफेज : या भक्षक पेशी रोपण गिळू पाहतात, पण ते त्यांच्यापेक्षा प्रचंड मोठे असते. मग त्या त्यावर पसरतात आणि काही एकमेकींत मिसळून बहुकेंद्रकी महापेशी बनतात.

4. तंतुमय आवरण : फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन तयार करतात आणि काही आठवड्यांत रोपणाभोवती आवरण तयार होते. टायटॅनियम हाडात घट्ट बसले असेल, तर मात्र हाड त्याला थेट जोडले जाते.

झिजेचे कण

खरी अडचण पुढे येते. चालताना सांध्यातील पॉलिएथिलिनची वाटी झिजते आणि तिचे अतिसूक्ष्म कण सुटतात. अखंड वाटी मॅक्रोफेजना गिळता येत नाही. हे कण गिळता येतात, पण पचत नाहीत. मॅक्रोफेज टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-1 असे दाहकारक रेणू सोडत राहतात. त्यामुळे हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी सक्रिय होतात आणि जंतुसंसर्ग नसतानाही सांधा सैल होतो. कमी झिजणारे क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलिन आणि सिरॅमिक वापरण्यामागे हेच कारण आहे. सिकलसेलमध्ये प्लीहा निकामी होत असल्याने संसर्गाचा धोकाही जास्त असतो. म्हणून सांधा सैल झाल्यास संसर्ग नाही ना, हे आधी तपासावे लागते.

विचार करा : पॉलिएथिलिन तेच असताना अखंड वाटी आणि तिची भुकटी यांना हाडाच्या दृष्टीने वेगळे परिणाम का असतात?