बेकारभत्ता आणि चार दिवसांची रोवणी

कन्हान नदीकांठच्या मौदा तालुक्यांत आषाढ लागला कीं धानाच्या रोवणीला हात कमी पडतात, आणि रोवणी उरकली कीं तेच हात रिकामे राहतात. अशा एखाद्या मजूर बाईनें शासनाकडे काम मागितलें, तें मिळालें नाहीं, आणि मधल्या काळांत ती कोणाच्या बांधींत चार दिवस रोवून आली, तर तिला बेकार म्हणावें कीं नाहीं?

विलायतेंत १९११ च्या कायद्यानें बेकारभत्ता विम्याच्या हप्त्यांतून दिला. आपल्याकडे तो कामाच्या हक्कांतून निघाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमीला महाराष्ट्रानें १९७७ मध्यें कायद्याचें रूप दिलें. तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलांत आला. पंधरा दिवसांत काम, नाहींतर दिवसाला निदान एक रुपया भत्ता. हा रुपया म्हणजे मजुराची चेष्टाच होती! शहरवासी श्रोत्यांनीं मात्र हें प्रकरण दूरचें समजूं नये. आपल्या पगारांतून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्यें याच योजनेसाठीं बसविण्यांत आला.

२००५ च्या केंद्रीय कायद्यानें भत्ता वाढविला : पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान चतुर्थांश, पुढें निदान निम्मा, घरामागें वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा. हा हक्क कोणत्या कारणांनीं जातो, हेंही त्यांत सांगितलें होतें. दिलेलें काम नाकारलें, सूचना मिळाल्यावर पंधरा दिवसांत हजेरी दिली नाहीं, किंवा परवानगीवांचून आठवड्याहून अधिक गैरहजर राहिलें, तर तीन महिने भत्ता बंद. खासगी शेतावरची मजुरी या कारणांत नव्हती. तेव्हां चार दिवसांच्या रोवणीनें बाईचा हक्क बुडत नव्हता. ती दूरच्या गांवीं रोवणीला गेली असतां सूचना आली आणि मुदत टळली, तर मात्र बुडत होता.

खरी अडचण पावतीची. पंधरा दिवस मोजावयाचे ते अर्जाच्या तारखेपासून. तारखेची पावतीच हातीं नसेल तर मोजणी कोठून धरावी? अकुशल कामाची मजुरी केंद्राच्या तिजोरींतून आणि भत्ता राज्याच्या, अशी वांटणी असल्यामुळें पावती देण्याविषयीं कचेरीची उदासीनता समजण्यासारखी होती, क्षम्य नव्हे.

डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें या कायद्याच्या जागीं नवा कायदा संमत केला. त्यांत दिवस शंभरांचे सव्वाशें झाले. परंतु पेरणी-कापणीच्या ऐन हंगामांत वर्षांतून साठ दिवसांपर्यंत हीं कामें थांबविण्याची तरतूदही आली. मजुरानें त्या दिवसांत शेतावर जावें, ही अपेक्षा आतां कायद्यांतच शिरली आहे. त्या साठ दिवसांत जिला कोणीच रोवणीला बोलाविलें नाहीं, तिनें काम कोणाकडे मागावें, हें मौद्याच्या तहसील कचेरींत कोणीतरी विचारणारच.