मावा लाल कशाने होतो

वाटाण्यावरचा मावा हा किडा झाडावरून उचलायचा तो ओल्या, बारीक ब्रशने आणि अजिबात घाई न करता. त्याची सोंड देठाच्या आत, अन्नरसाच्या नळीपर्यंत रुतलेली असते. ओढला तर ती तुटते. म्हणून ब्रशच्या टोकाने पाठीला हलकेच डिवचत राहायचं. तो आपणहून सोंड काढून चालू लागला की उचलायचा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी हे काम शिकले. करडईवरचा काळा मावा लहानपणापासून पाहिलेला. पण इथे फावा बीनच्या एका रोपावर हिरवागार मावा आणि शेजारच्या रोपावर लाल, आणि दोन्ही एकाच जातीचे, हे मला नवीन होतं.

एकेका रोपावरची सगळी प्रजा एकाच मादीची. खोलीत दिवस मोठा ठेवला की नर जन्मतच नाहीत, माद्या थेट जिवंत पिल्लं घालतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बघत बसावंसं वाटतं. पिल्लू मागच्या बाजूने सरकत बाहेर येतं, पाय अंगाशी दुमडलेले. मग एकेक पाय सुटतो आणि ते देठावर टेकतं. लाल आईचं पिल्लू लालसर, हिरवीचं हिरवट. देठाखाली पडलेल्या काती मात्र दोन्ही रोपांवर सारख्याच पांढऱ्या! रंग कातडीत नाहीच. तो आत असतो आणि पातळ कातडीतून दिसतो.

तो आत आला कुठून? अंड्याचा बलक पिवळा होतो तो कोंबडीच्या खाद्यामुळे, आणि उजनीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंगही त्यांच्या खाण्यातूनच येतो. कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं वनस्पती, बुरशी, जिवाणू बनवतात. प्राण्यांना ती आयती खावी लागतात, असंच सगळी पुस्तकं सांगत आली. पण मावा पितो तो रस म्हणजे मुख्यतः साखरपाणी, आणि ही द्रव्यं तर तेलात विरघळणारी.

अर्क काढायचा तर खोलीतले दिवे मंद करावे लागतात, कारण उजेडात हे रंग उडतात. गोठवलेला मावा अ‍ॅसिटोनमध्ये घोटायचा, चोथा खाली बसवायचा, वरचं द्रावण हेक्झेन आणि पाण्याबरोबर हलवून नळी उभी ठेवायची. थोड्या वेळाने दोन थर वेगळे होतात. लाल माव्याचा वरचा थर नारिंगी-तांबडा येतो, त्यात नवल नाही. हिरव्या माव्याचा वरचा थर मात्र स्वच्छ पिवळा येतो. त्याचा हिरवेपणा दोन रंगांचा मिळून झालेला: पिवळी कॅरोटिनं आणि दुसऱ्याच कुळातली निळसर-हिरवी द्रव्यं. ही दुसरी द्रव्यं हेक्झेनमध्ये चढत नाहीत.

या पिवळ्या-तांबड्या थरांचा उलगडा 2010 साली झाला. वाटाण्यावरच्या माव्याचा संपूर्ण जनुकसंच नुकताच वाचून झाला होता. अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या नॅन्सी मोरन आणि टायलर जार्विक यांनी त्यात कॅरोटिनॉइड बनवणारी जनुकं शोधली आणि ती सापडली. त्यांचे जवळचे नातलग कीटकांत नव्हते, बुरशीत होते. सगळ्यात बोलका पुरावा मला वाटतो तो असा: रंगद्रव्याच्या रेणूचा सांगाडा जोडणं आणि त्याच्या टोकाला कडं वळवणं ही दोन कामं जिवाणूंमध्ये वेगवेगळी जनुकं करतात. बुरशीत ती एकाच जनुकात जोडलेली असतात, आणि माव्यातही तशीच आहेत. नमुन्यात बुरशी मिसळली असेल असंही म्हणता येत नाही, कारण ही जनुकं माव्याच्या स्वतःच्या जनुकांच्या शेजारीच बसलेली आहेत. कोण्या प्राचीन पूर्वजाने ती बुरशीकडून घेतली आणि वंशात टिकवली.

रंग घडतो तो पायरीपायरीने. वीस-वीस कार्बनचे दोन तुकडे जोडून चाळीस कार्बनची साखळी होते. ती बिनरंगी असते. मग एक विकर तिच्यातले हायड्रोजन काढत जातं, एकाआड एक दुहेरी बंध तयार होतात, आणि ही ओळ लांबेल तसा रंग गडद होतो. बीटा कॅरोटिनमध्ये असे 11 बंध, लाल माव्यातल्या टॉरुलिनमध्ये 13. तेवढी मजल मारणारं विकर हिरव्या माव्याकडे नसतं. त्याचं जनुक जिथे असायचं तो डीएनएचा तुकडाच त्याच्यात गायब आहे. मोरन यांच्याकडच्या एका लाल वंशात अचानक पिवळट-हिरवी पिल्लं निघाली, तेव्हा त्याच जनुकात फक्त एक अक्षर बदललेलं आढळलं. एका विकरावर अख्ख्या जिवाचा रंग ठरतो, हे समोर दोन रोपं ठेवून पाहिलं की मन थक्क होतं.

लसूणघासाच्या शेतात या माव्याचा जीव त्याच्या रंगावर अवलंबून असतो. हिरव्या पानांवरचा लाल मावा ढालकिडे जास्त टिपतात, तर माव्याच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशीची छोटी भावंडं हिरव्याला जास्त गाठतात. दोन्ही रंग टिकून राहतात ते या दुहेरी मारामुळे, असं 1997 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं.

बुरशीची ही जनुकं पुढे पिकांवरच्या लाल कोळ्यातही सापडली. तो कीटक नव्हे, पण वांग्यावर, घेवड्यावर त्याने विणलेली जाळी आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या ओळखीची. थंड प्रदेशात हा कोळी नारिंगी होऊन हिवाळाभर निजतो. 2017 साली छापून आलेल्या अभ्यासात हायड्रोजन काढणाऱ्या विकराचं जनुक बिघडलेले कोळी पांढुरके निघाले, आणि हिवाळ्यासारखा छोटा दिवस दिला तरी ते सुप्तावस्थेत गेलेच नाहीत.