मोसंबी सोललेलं बोट आणि २१२ चा आकडा

मागच्या दिवाळीच्या आधी मी अंबडला घरी गेलो होतो. बागेत आंबे बहाराची तोड चालू होती. सकाळी सातला बागेतून येऊन अप्पांनी ओट्यावरच ग्लुकोमीटर काढला, बोटाला सुई टोचली. उपाशीपोटी २१२. मी लगेच बोलायला लागलो, "अप्पा, रात्री काय खाल्लंत?" अप्पा म्हणाले, "भाकरी आन् वरण. तुझं मशीन खोटं बोलतंय."

तासाभराने गावातल्या लॅबमध्ये रक्त दिलं. अजून उपाशीच होते. संध्याकाळी रिपोर्ट आला : १४८.

आता खरं कोण? मशीन, लॅब की अप्पा? पीएचडीच्या पहिल्या वर्षी 'मापनातील त्रुटी' हे प्रकरण मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते कळलं मात्र या ओट्यावर. पेटची तयारी करणाऱ्या किंवा संशोधन आराखडा लिहायला बसलेल्या मित्रांसाठी हा लेख आहे. विषय घरच्या शुगर तपासणीचा आहे, पण शेवटी तो तुमच्याच संशोधनाकडे वळणार आहे.

मशीन नेमकं काय मोजतं?

सर्वात आधी एक गैरसमज काढून टाकू. ग्लुकोमीटर साखर 'बघत' नाही, तो वीज मोजतो. पट्टीच्या टोकावर ग्लुकोज ऑक्सिडेज किंवा ग्लुकोज डिहायड्रोजिनेज यांपैकी एक एन्झाइम लावलेलं असतं. रक्तातल्या ग्लुकोजची त्याच्याशी अभिक्रिया होते, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि पट्टीतल्या इलेक्ट्रोडमधून बारीकसा प्रवाह वाहतो. तो प्रवाह मोजून मशीन आपल्याला आकडा सांगतं. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची ही जोडी लेलँड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६२ मध्ये मांडली. आज आपल्या खिशात मावणारं मशीन त्याच कल्पनेवर चालतं.

म्हणजे काय, तर हे अप्रत्यक्ष मापन आहे. मध्ये जितक्या पायऱ्या, तितक्या चूक शिरण्याच्या जागा. ही गोष्ट लक्षात ठेवा. तुमची प्रश्नावली, तुमचा सेन्सर, तुमची मुलाखत, यातलं काहीही असो, तिथेही हेच असतं.

किती चूक चालते?

'मशीन बरोबर की चूक' हा प्रश्नच अपुरा आहे. 'किती फरकापर्यंत बरोबर म्हणायचं' असं विचारायला हवं. त्याचं उत्तर आयएसओ १५१९७ या मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीत आहे. साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी असेल तर प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ मिलिग्रॅम इकडे-तिकडे, १०० किंवा जास्त असेल तर १५ टक्के इकडे-तिकडे. आणि हे सगळ्याच वाचनांना नाही, ९५ टक्के वाचनांना लागू.

अप्पांचं गणित करून बघा. लॅबचा आकडा १४८ खरा धरला तर त्याचे १५ टक्के म्हणजे साधारण २२. मशीनने १२६ ते १७० च्या मधलं काहीही दाखवलं असतं तरी ते पास झालं असतं. म्हणून सकाळी १४० आणि लगेच दुसऱ्या बोटाला १५५ आले की घाबरायचं कारण नाही. पण २१२? तो आकडा या पट्ट्याच्या पार बाहेर आहे. म्हणजे इथे काहीतरी वेगळं घडलंय.

संशयित पहिला : बोट

अप्पा तोडीच्या ठिकाणाहून आले होते. फुटलेली, डागाळलेली फळं हाताने बाजूला काढली होती. हात धोतरालाच पुसलेले. आमच्या जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा गोडवा आम्ही कौतुकाने सांगतो. तोच गोडवा बोटावर बसला होता.

थोडासा रस लागल्याने एवढा फरक पडेल का, असं तुम्ही म्हणाल. हिशेब करू. रक्तात साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटर असेल तर १ मायक्रोलिटर रक्तात ग्लुकोज किती? फक्त १ मायक्रोग्रॅम. आजच्या पट्ट्यांना साधारण एवढंच, किंवा याहून कमी रक्त लागतं. आता मोसंबीच्या १०० मिलिलिटर रसात २ ग्रॅम ग्लुकोज आहे असं धरून चाला. म्हणजे १ मायक्रोलिटर रसात २० मायक्रोग्रॅम. रक्ताच्या थेंबात या रसाचा विसावा भाग, म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढा अंश मिसळला, की आकडा १०० चा जवळपास २०० होतो.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. जपानमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये 'डायबिटीज केअर' या नियतकालिकात असाच प्रयोग छापला. मधुमेह नसलेल्या लोकांना संत्रं, द्राक्ष, किवी ही फळं सोलायला दिली आणि नंतर बोटाची साखर तपासली. हात न धुता तपासली तर आकडे भलतेच वाढलेले. आणि खरी गंमत पुढे आहे : स्पिरिटचा बोळा फिरवूनही आकडे चढेच राहिले. नळाच्या साध्या पाण्याने हात धुतल्यावर मात्र ते जागेवर आले. ग्लुकोज पाण्यात सहज विरघळतं, स्पिरिटमध्ये फारसं नाही. बोळ्याने जंतू मरतात, साखर तिथेच राहते.

पुढच्या रविवारी आम्ही घरीच करून पाहिलं. आधी हात धुऊन : १५६. मग एक मोसंबी सोलून, हात न धुता, दुसऱ्या बोटाला : १९८. परत धुऊन : १५९. अप्पा म्हणाले, "तीन पट्ट्या गेल्या तुझ्या शास्त्रापायी." खरंच गेल्या. पण बघा, एका वेळी एकच गोष्ट बदलली, सुरुवातीला आणि शेवटी नियंत्रण ठेवलं. हा एका माणसावरचा प्रयोग आहे, त्यावरून जगाबद्दल काही सिद्ध होत नाही. आमच्या घरातला प्रश्न मात्र बऱ्यापैकी सुटला.

बाकीचे संशयित

बोट सापडलं म्हणून बाकीचे निर्दोष ठरत नाहीत. आमच्या भागात त्यांचीही दखल घ्यावीच लागते.

*ऊन आणि दमट हवा.* बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. पत्र्याखालच्या फडताळात डबी कशी राहत असेल? एन्झाइम हे प्रथिन आहे, ते उष्णतेने आणि ओलाव्याने बिघडतं. ज्यांच्याकडे फ्रिज नाही ती माणसं इन्सुलिन मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवतात. कुपीला पाणी लागू दिलं नाही तर तो चांगला उपाय आहे. पण त्याच माठात पट्ट्यांची डबी ठेवली तर ओलावा तिला मारतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचा विचार करा. चार-पाच महिने कोपीत राहायचं, तिथे इन्सुलिनला हवा गारवा आणि पट्टीला हवा कोरडेपणा.

*रक्ताची कमतरता.* लाल पेशी कमी असल्या की बऱ्याच मीटरवर साखर खऱ्यापेक्षा जास्त दिसते. काही नवी मशीन ही दुरुस्ती आपोआप करतात, सगळी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हा अपवाद नाही, निम्म्याहून जास्त बायकांचा प्रश्न आहे. तुम्ही म्हणाल, मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी करावी. पण लोहाच्या कमतरतेत तीही खऱ्यापेक्षा वर जाऊ शकते! दोन साधनं एकमेकांना दुजोरा देतायत असं वाटतं आणि दोन्ही एकाच बाजूला झुकलेली असतात. अशा बाईची गोळी वाढवली तर शेतात खुरपता खुरपता साखर ७० च्या खाली जाऊन ती कोसळू शकते. चुकीच्या मापनाची किंमत ही असते.

*लॅब.* लॅबचा आकडा आपण देवाचा शब्द मानतो. पण नळीतल्या रक्तपेशी जिवंत असतात, त्या ग्लुकोज खात राहतात. वेळेत प्लाझ्मा वेगळा केला नाही तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर उतरते, उन्हात त्याहून जलद. त्यासाठी फ्लोराइडची नळी वापरतात, पण तिचाही परिणाम पूर्ण व्हायला वेळ लागतो. खेड्यात सकाळी घेतलेला नमुना दुपारी तालुक्याला पोचला, तर लॅबच खरी आणि मशीन खोटं हे आपण कशावरून म्हणणार? ज्याच्याशी तुलना करतो त्या संदर्भाचीही उलटतपासणी करायची असते.

वहीतला आकडा

आता जी गोष्ट सांगतो ती मला जास्त लागली.

त्याच रविवारी मशीनची मेमरी उघडली. अप्पा रोज वहीत आकडा लिहितात आणि मला फोनवर सांगतात : १३०, १२८, १३५. मेमरीत त्याच तारखांना १७४, १६९, १९१ होते. मी वही पुढे धरली. अप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "खरं सांगितलं की तू वरडतो. आईलाबी बोलतो. मग ल्हितो आपलं बरं दिसंल ते."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षं मी त्या फोनवरच्या आकड्यांवरून 'अप्पांची शुगर कंट्रोलमध्ये आहे' असं सगळ्यांना सांगत होतो.

हे फक्त आमच्या घरात होतं असं नाही. १९८४ मध्ये अमेरिकेत मॅझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना मेमरी असलेली मशीन दिली, पण मेमरी आहे हे सांगितलं नाही. नंतर वह्या आणि मशीन ताडून पाहिले. बऱ्याच जणांच्या वहीतली सरासरी खऱ्यापेक्षा कमी निघाली. वाढलेले आकडे गाळलेले, काही मनाने लिहिलेले. ही माणसं खोटारडी नव्हती. आकडा म्हणजे आपल्या वागण्याला मिळालेले मार्क, असं त्यांना वाटत होतं, आणि मार्क कमी पडले की बोलणी बसतात. स्वतः सांगितलेल्या माहितीवर तुमचा प्रबंध उभा असेल तर आधी हे विचारा : खरं सांगितल्यावर या माणसाचं काय नुकसान होतं?

मग तपासायचं तरी कशाला?

वैतागून कुणी असंही म्हणेल. इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा.

पहिला डीसीसीटी, १९९३. टाइप १ मधुमेहाचे १४४१ रुग्ण. काटेकोर उपचाराच्या गटात दिवसातून किमान चारदा तपासणी आणि त्यानुसार इन्सुलिन. ज्यांच्या डोळ्यांना आधी इजा नव्हती त्यांच्यात दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. दुसरा डायजेम, इंग्लंड, २००७. इन्सुलिन न घेणारे टाइप २ चे ४५३ रुग्ण. घरी तपासणाऱ्यांची एचबीए१सी न तपासणाऱ्यांपेक्षा लक्षणीय सुधारली नाही.

एक म्हणतो उपयोग आहे, दुसरा म्हणतो फारसा नाही. भांडण आहे का? नाही. पहिल्यात आकडा आला की लगेच काहीतरी करता येत होतं, इन्सुलिनचा डोस बदलायचा. दुसऱ्यात बहुतेकांना आकडा कळत होता, पण त्यावर काय करायचं हे हातात फार नव्हतं. निर्णय बदलत नसेल तर मोजमापाने नुसती काळजी वाढते. म्हणून अप्पांच्या डॉक्टरांनी सरसकट रोजची तपासणी बंद केली. आठवड्यातून दोन ठरलेले दिवस, शिवाय चक्कर, घाम, थरथर वाटली तर लगेच. अप्पांना ग्लिमेपिराइड चालू आहे, त्याने साखर एकदम उतरू शकते, म्हणून ही दुसरी अट महत्त्वाची. तुमच्या घरचं वेळापत्रक वेगळं असेल, ते आणि औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारून ठरवा.

आराखडा लिहिताना

आयसीएमआर-इंडियाब या पाहणीने २०२३ मध्ये देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. एवढ्या घरांमधल्या ओट्यांवर काय चाललंय, यावर आपल्या भागातून काम व्हायला खूप वाव आहे. विषय कुठलाही घ्या, हे प्रश्न आधी वहीत लिहा :

१. माझं साधन नेमकं काय मोजतं आणि मी त्यावरून काय समजतो?
२. किती फरक मी मान्य करणार? हे आकडे येण्याआधी ठरवलंय का?
३. चूक दोन्ही बाजूंना विखुरलेली आहे की एकाच बाजूला झुकलेली? विखुरलेली चूक जास्त वाचनांनी कमी होते. झुकलेली होत नाही. न धुतलेल्या बोटाने शंभरदा तपासलं तरी सरासरी चूकच येणार.
४. माझा संदर्भ कितपत विश्वासाचा आहे?
५. आकडा सांगणाऱ्याला माझी भीती वाटते का?

पाचवा प्रश्न पुस्तकात शोधायला जाऊ नका. तो मला वहीने शिकवला.

आता अप्पा बागेतून आले की आधी हौदावर हात धुतात, कोरडे करतात, मग बोट टोचतात. परवा फोनवर म्हणाले, "एकशे ब्याऐंशी. काल पाहुण्यांकडं गुळाची पोळी झाली." मी म्हटलं, "बरं केलंत अप्पा, खरं सांगितलंत." पुढं काही बोललो नाही. सध्या एवढंच जमवतोय.